डावी बाजू

हसनाबादच्या माणसाला वाइनमधलं काय कळतं, असं मला बऱ्याच जणांनी हसत विचारलंय. मी उत्तरादाखल भोकरदनचं नाव घेतो. आमचा तालुका. केळणा नदीच्या काठचं हे गाव आज मिरची, मका आणि कापसाच्या गाड्यांनी गजबजलेलं दिसतं, पण त्याचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर ज्या दात्यांची नावं कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. १९७३ च्या सुमारास इथे उत्खनन झालं, तेव्हा सातवाहनांच्या काळातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. खंडित, पण कोरीव कामात कुठे कमी नाही. तिची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ मध्येच सापडली होती. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि ती आमच्या भोकरदनच्या बाजूला घडली असावी, असं मानणारे अभ्यासक आहेत. व्हेसुव्हियस फुटला इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे बाई त्याआधीच तिकडे पोचल्या होत्या.

इकडून हस्तिदंत गेलं, मग तिकडून काय आलं? पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं छोटं पुस्तक आहे. भडोच बंदरात उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या मालाची त्यात चक्क यादी आहे. चढणाऱ्या मालात हस्तिदंत आहे आणि उतरणाऱ्या मालात द्राक्षाची दारू. त्यातही पसंती इटलीच्या दारूला, मग लाओडिसियाची आणि अरबस्तानची. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. तेरला आणि नेवाशाला दारूच्या लांबट कुंभांची खापरं निघाली, त्यांतली काही इराणी आखाताकडची. ज्या नेवाशात पुढे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या नेवाशात! पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरच्या भोगवर्धनातही एखादा कुंभ उतरला असेल, असं मी आपलं धरून चालतो. तेव्हा तालुक्याची बाजू भक्कम आहे.

मधली दोन हजार वर्षं मात्र आमच्याकडे दारू म्हणजे दारूच. ती प्यायची नसते, ढोसायची असते. घरातून पैसे नेऊन आणि घरी भांडण आणून. मराठवाड्यातल्या बायकांना 'आडवी बाटली' म्हटलं की दारूबंदीची मतपत्रिका आठवते. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. नाशिकजवळच्या वाइनच्या तळघरात माझ्या भाच्यानं आम्हाला पहिल्यांदा बाटल्यांच्या रांगा दाखवल्या तेव्हा त्या झाडून सगळ्या आडव्या होत्या. बूच ओलं राहावं, सुकून आत हवा शिरू नये, म्हणून बाटल्या अशा निजवतात. आमच्या हिनं त्या रांगेवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "इथं मतदान एकमतानं झालेलं दिसतंय."

भाचा छत्रपती संभाजीनगरात हॉटेल मॅनेजमेंट शिकला आणि आता नाशिकजवळ, द्राक्षमळ्याला लागून असलेल्या एका रेस्टॉरंटात वाइन निवडण्याचं आणि वाढण्याचं काम करतो. त्याच्या हुद्द्याला सोमेलिए म्हणतात. आक्का, म्हणजे त्याची आई, लोकांना 'हॉटेलात मॅनेजर आहे' एवढंच सांगते. तेच बरं, कारण 'दारू वाढतो' म्हटलं तर त्याचं लग्न जमायची पंचाईत. त्यानंच आग्रहानं आम्हाला बोलावलं. "मामा, पैशाचं बघू नका. एकदा मी काय करतो ते बघून जा. मामींना पण आणा."

महिना जानेवारीचा. मळ्यात वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू होती. फ्रान्समध्ये हीच तोडणी पाऊस-थंडीच्या तोंडावर, सप्टेंबरच्या आसपास चालते. आपल्याकडे द्राक्षाला दोन छाटण्या: उन्हाळ्यातली खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. वेलीला आपण थंडीत झोपू देत नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षात दोनदा येतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. दौलताबाद आमच्यापासून काही लांब नाही आणि आमच्याच जिल्ह्यातल्या कडवंचीनं शेततळ्यांच्या जोरावर दुष्काळी माळावर द्राक्षं उभी करून दाखवली आहेत. फरक इतकाच, की कडवंचीची द्राक्षं खायची. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा. खायला घेतला तर साल तोंडात राहते आणि बी दाताखाली येते.

या धंद्याचा मराठी इतिहास छोटा आहे. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात फेसाळती वाइन करून थेट परदेशात पाठवली. १९९९ मध्ये राजीव सामंतांची 'सुला' नाशकात उभी राहिली. २००१ मध्ये राज्य सरकारनं वाइनचं वेगळं धोरण आणलं. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचं मंत्रिमंडळानं ठरवलं, तेव्हा अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि गावोगावी वाइन म्हणजे दारू की फळाचा रस यावर पारावर चर्चा झाल्या. माझं मत विचाराल तर दारूच. उगाच शब्दांना सोवळं नेसवू नये. कायदाही तेच म्हणतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो, आणि तो मिळतो तो प्रकृती राखण्यासाठी! हे 'प्रकृतीसाठी' प्रकरण मला पुढे वेगळ्याच ठिकाणी भेटलं.

टेबलावर जाड कागदाचं एक कार्ड होतं. सात पदार्थ, पाच वाइन. कोणत्या घासाला कोणता घोट हे आधीच ठरलेलं. खाली बारीक अक्षरात, न पिणाऱ्यांसाठी वेगळे पाच पेले आणि त्यांची वेगळी किंमत. मी पहिल्या रांगेत, ही दुसऱ्या.

पहिल्या दोन पदार्थांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक गार सूप होतं, दुसरी बोटभर लांबीची पातोडी, खसखशीच्या रस्सा-थेंबात. थेंबच म्हणायचा, कारण तो चमच्यानं काढलेला नव्हता, ठिपक्यासारखा ठेवलेला होता. सोबतची सोव्हिन्याँ ब्लां कैरीच्या सालीसारख्या वासाची, आंबट, चांगली. बिघडलं ते तिसऱ्या पदार्थाशी, आणि म्हणूनच तो माझ्या लक्षात राहिला.

भाच्यानं आमच्या मानासाठी मुद्दाम स्वयंपाकघरातून एक पदार्थ करवून घेतला होता. बाजरीच्या भाकरीचा रुपयाएवढा कुरकुरीत तुकडा आणि त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा. मिरची पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून मागवलेली. आमच्या तालुक्याचा हा मिरचीबाजार मोठा, इथून गाड्या थेट दिल्ली-कोलकात्याला जातात. सोबतीला पेल्यात शिराझ होती, लाल, दाट, भारदस्त. मी घास खाल्ला, घोट घेतला आणि माझ्या तोंडात जे पेटलं ते सांगता येत नाही. ठेचा मला काही नवा नाही. माझं लहानपण ठेच्यावर गेलंय. पण असा ठेचा मी कधी खाल्ला नव्हता. मिरची तीच, पण तिच्या हातात कुणीतरी काठी दिलेली.

भाचा शेजारीच उभा होता. तो हसला नाही. खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "हे मला माहीत होतं. तुम्हाला दाखवायचं होतं."

मग त्यानं समजावलं. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या मज्जातंतूंना डिवचतं, ते मुळात चटका ओळखण्यासाठी आहेत. साधारण ४२-४३ अंशांपुढे गरम काही लागलं की ते 'भाजलं' असा निरोप मेंदूला देतात. मद्यार्काची गंमत अशी की त्याच्या सहवासात हेच तंतू ३४ अंशांवर ओरडायला लागतात. आणि तोंडाची उष्णता ३७. म्हणजे कढत काही न खाताच तोंड भाजल्याचा निरोप निघतो. त्यात लाल वाइनमधलं टॅनिन, सुपारीत असतं तसलं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि जीभ खरखरीत करून टाकतं. मिरचीनं सोललेल्या जिभेवर आणखी सँडपेपर. आणि ती आग पाण्यानं विझत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. वाइनमध्ये मद्यार्क असतो बारा-चौदा टक्के, तेवढ्यानंही विरघळत नाही. ते विरघळतं तेलात, तुपात. आणि दुधा-ताकातलं केसिन त्याला जिभेवरून ओढून नेतं.

हिच्या पेल्यात त्या पदार्थासोबत ताक होतं. किंचित जिऱ्याचं, पातळ. तिनं ठेच्याचा तुकडा खाल्ला, घोट घेतला, आणि माझ्याकडे शांतपणे बघत राहिली. संबंध संध्याकाळभरात मला तिचा पेला हिसकावून घ्यावासा वाटला तो याच क्षणी.

इथून पुढे माझं मन जेवणात अर्धं आणि घरच्या ताटात अर्धं, असं झालं. आमच्याकडे ठेच्यावर कच्चं करडईचं तेल ओततात. बोटानं खड्डा करून ओततात. ते चवीसाठी, असंच आजवर वाटत आलं. बाजूला दही असतं, नाहीतर ताक. कांदा असतो. शेंगदाणे असतात. कुणीही केसिनचं नाव ऐकलेलं नाही, पण मिरचीच्या आगीला जे जे काही विझवू शकतं ते सगळं हाताच्या अंतरावर मांडून ठेवलेलं असतं. आणि तिथे कुणीही जवळ उभं राहून 'आता हा घोट घ्या' असं सांगत नाही.

सणाच्या ताटात हे अधिकच दिसतं. वर मधोमध मीठ, त्याच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड, मग चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजव्या अंगाला भाज्या, आमटी. मध्ये भात किंवा पोळी. सगळं एकदम समोर. उजवी बाजू पोट भरते. डावी बाजू म्हणजे जोड्या लावायचं सामान. मेथीच्या कडू भाजीला लोणच्याचं बोट लावायचं की दह्याचं, पुरणाच्या घासामागे कटाची आमटी की आधी लिंबाचा थेंब, हे जेवणाऱ्याच्या बोटांनी ठरतं आणि दर घासाला नव्यानं ठरतं. एकाच पंगतीत, एकाच ताटातून, शेजारी बसलेली दोन माणसं वेगवेगळं जेवण जेवून उठतात. भाच्याच्या कार्डावर सात पदार्थ आणि पाच पेले होते, म्हणजे एक वाट, दुसऱ्याने आखलेली, आणि मान्य करतो, जाणत्यानं आखलेली. ताटात वाटा मोजता येत नाहीत.

मी हे भाच्याला म्हटलं, तर तो हिरमुसला नाही, उलट खुलला. म्हणाला, "मामा, एकामागून एक वाढायची पद्धत युरोपाचीही जुनी नाही." फ्रान्समध्ये सरदार-दरकदारांच्या टेबलावर सगळे पदार्थ एकदमच मांडत, जो तो हाताला येईल ते घेई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर कुराकिन नावाच्या रशियन राजदूतानं पॅरिसमध्ये पाहुण्यांना एक एक पदार्थ क्रमानं वाढायला सुरुवात केली, त्या रीतीला आजही रशियन पद्धत म्हणतात. क्रम ठरला म्हणून मग प्रत्येक पदार्थाबरोबर कोणता पेला हेही ठरवता आलं. जेवण गरम पोचतं हा त्याचा खरा फायदा. ज्या टेबलावर सगळं एकदम मांडलेलं असतं तिथे रस्सा निवतो. आमच्या पंगतीत यावर उपाय म्हणून वाढपी फिरत असतो. आमटी गरम, पुन्हा, पुन्हा.

घोट ठरवून घेण्याची कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही, हे मी घरी आल्यावर धुंडाळलं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा मोठा अध्याय आहे आणि त्यात अनुपानाचा भाग आहे. कोणत्या अन्नावर काय प्यावं, याची रीतसर मांडणी. ज्यांना मद्याची सवय आहे त्यांनी मांसावर मद्य घ्यावं, ज्यांना नाही त्यांनी पाणी किंवा आंबट फळांचा रस, असा त्याचा आशय. म्हणजे भाच्याच्या कार्डावरच्या दोन्ही रांगा, पिणाऱ्यांची आणि न पिणाऱ्यांची, सुश्रुताकडे आधीच छापून तयार. चरकानं तर आसवांचे चौऱ्याऐंशी प्रकार मोजलेत. हे सगळं प्रकृतीच्या हिशेबानं. दारूबंदीच्या परवान्यात जो 'प्रकृतीसाठी' शब्द बघून आपण हसतो, तो निदान फार जुन्या पेढीचा आहे.

पण वाइनची बाजू मी अशी सोडून देणार नाही, कारण त्या जेवणात एक पदार्थ असा आला की मी गप्प बसलो. पाचवा. छोट्या दगडी वाटीत हुरडा, आणि सोबत शेनिन ब्लां.

हुरड्याची गोष्ट हसनाबादेतल्या माणसाला कुणी सांगू नये. शाळू फुलोऱ्यातून दाण्यात येतो, दाणा दुधातून चिकात येतो, आणि पुरता भरण्याआधी मधे आठ-दहा दिवस तो हुरडा असतो. कणसं आगटीत, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसायची, बाहेर काढून तळहातावर गरम गरम चोळायची, फुंकर मारून कूस उडवायची. हिरवे, लुसलुशीत, जरासे फुटलेले दाणे. सोबत तिळाची किंवा जवसाची चटणी, गुळाचा खडा, दही. हाताची कातडी भाजते पण चोळणारा थांबत नाही, कारण समोरचा हात पसरून बसलेला असतो. आणि पाच मिनिटं गेली की संपलं. दाणा निवतो, गोडी उतरते, चिवट होतो. नाशिकच्या त्या सुंदर वाटीतला हुरडा निवायच्या बेतात होता. आगटीपासून टेबलापर्यंत कुणीतरी चाळीस पावलं चालत आलं होतं, त्याचं हे भाडं.

तरीही. शेनिन थंड होती, जराशी गोडसर, पेरूसारखा वास, मागे बारीक आंबटपणा. हुरड्यातला गोडवा लाजरा असतो, शेजारी जास्त गोड काही आलं की तो तोंड लपवतो. म्हणून गुळाचा खडा आमच्याकडे आधी चघळत नाहीत, शेवटी खातात. या घोटानं तो गोडवा लपू दिला नाही. उलट धुराचा वास, कोवळ्या ताटाचा वास, तिळाचं तेल, सगळं मोकळं झालं, आणि मग आंबटपणानं जीभ पुसून पुढच्या चिमटीसाठी जागा केली. मी पेला उजेडात धरून बघत बसलो. ही जोडी युरोपातल्या कुठल्याही पुस्तकात नसणार, कारण तिकडे ज्वारीचा हुरडा नाही. आणि आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात पिकतात, एक रानात, एक मळ्यात. जानेवारीत इकडे आगटी पेटते आणि तिकडे शेनिनची तोडणी सुरू होते. एका जिल्ह्याच्या अंतरावरची ही दोन पिकं एकमेकांना कधी भेटलीच नव्हती. गावात वाइन प्यायली जात नाही आणि जिथे प्यायली जाते तिथे आगटी नाही, एवढंच कारण.

हिच्या पेल्यात त्या वेळी जालन्याच्या मोसंबीचा रस होता, मीठ-मिऱ्याचा. आमच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण हुरड्यापुढे ती कर्कश वाटली. हे तीही कबूल करते.

मटणाचं सांगितलंच पाहिजे असं नाही, पण सांगतो. येसराच्या पातळ रश्श्यात, हाडाच्या नळीसकट. तीच शिराझ पुन्हा आली आणि या वेळी शहाण्यासारखी वागली. नळीतली चरबी आणि प्रथिनं टॅनिनला गुंतवून ठेवतात, त्यामुळे ते जिभेला सोडतं. रस्सा मुद्दाम सौम्य केला होता. आमच्याकडे मटणाचा रस्सा सौम्य केला तर पाहुणा विचारेल, घरात कुणी आजारी आहे का? शेवटी खव्याचा काहीतरी गोड पदार्थ आणि उशिरा तोडलेल्या, वेलीवरच सुकत आलेल्या द्राक्षांची गोड वाइन. पदार्थापेक्षा वाइन गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते, हा नियम भाच्यानं सांगितला आणि तो खरा निघाला. बिलाचा आकडा त्यानं आम्हाला दिसू दिला नाही.

पुढच्या थंडीत तो हसनाबादला हुरड्याला आला. बॅगेत शेनिनची बाटली. आगटीभोवती घरची माळकरी माणसं बसलेली, त्यामुळे बाटली बॅगेतून बाहेर निघाली नाही, आणि त्यानंही काढायचा हट्ट केला नाही. कणसं चोळता चोळता त्याचं डोकं कामातच होतं. रेस्टॉरंटच्या नव्या कार्डावर त्याला एकदम मांडलेलं ताट आणायचं होतं. मधे भाकरी, डावीकडे ठेचा, तेल, दही, तिळाची चटणी, कांदा, जेवणाऱ्यानं काय ते ठरवावं. मालकाला कल्पना आवडली होती. अडलं होतं पेल्यापाशी. ठेचा आहे म्हटल्यावर त्याच्याकडची निम्मी वाइन बाद, आणि उरलेल्यातली कोणती द्यावी यावर त्याचा जीव टांगलेला.

"ताक दे," ही म्हणाली.

"मामी, ताकाला तिथं पैसे कोण देणार?"

"मग त्या दिवशी माझ्या नावावर काय लावलं होतं?"